माजघरांतील तिऱ्हाईत

जुन्या वाड्यांची रचना ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें सांगावयास नको, कीं त्या वाड्यांत भिंतींपेक्षां उंबऱ्यांना अधिक महत्त्व असे. दिंडीदरवाजा ओलांडून अंगणांत कोणीही यावें. भिक्षुक, वाटसरू, सरकारी शिपाई यांना तेथवर मज्जाव नसे. ओसरीवर बसण्याचा मान ओळखीच्या माणसाचा. सोप्यांत यावयाचें तर कांहीं नातें किंवा कांहीं काम असावें लागे. माजघरांत शिरण्याचा अधिकार घरच्या माणसांचा आणि घरच्यासारख्याच मोजक्या जिव्हाळ्याच्या लोकांचा. या व्यवस्थेंत जातीपातीचा आणि सोंवळ्याओंवळ्याचा जो अन्याय मिसळलेला होता त्याचें समर्थन करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु तीत एक शहाणपणही होतें. परका मनुष्य घरांत किती आंत येणार हें त्याच्या नात्यावरून ठरे, आणि त्याच्या कानीं काय पडणार हें तो किती आंत आला यावरून ठरे. ओसरीवर बोलावयाच्या गोष्टी निराळ्या आणि माजघरांत बोलावयाच्या निराळ्या, हें लहान मुलालाही शिकवावें लागत नसे. उंबरेच तें शिकवीत.

आपल्या भाषेंतील 'खासगी' हा शब्दही या संदर्भांत विचार करण्यासारखा आहे. मराठेशाहींत खासगी म्हणजे धन्याच्या घरचा स्वतंत्र कारभार. होळकरांच्या राज्यांत दौलत निराळी आणि खासगी निराळी, व दोहोंचा हिशेबही निराळा. म्हणजे खासगी ही मूळची थोरांची मिरास. सामान्य रयतेला खासगी कसली? तिच्या घरांत कोतवालाचा शिपाई, सावकाराचा कारकून आणि भाऊबंद यांनीं केव्हांही डोकवावें. ही थोरांची मिरास घरोघरच्या माणसाची होण्यास कित्येक पिढ्या लागल्या. ती आपणांस पुरतेपणीं मिळते न मिळते तोंच आपण ती आपल्या हातानें, वर पैसे मोजून, परत करीत आहों कीं काय, हा प्रश्न आम्हांस अलीकडे पडूं लागला आहे.

गेल्या दहाबारा वर्षांत उंबऱ्यांच्या या शास्त्राला न जुमानणारा एक पाहुणा सुशिक्षितांच्या घरांत येऊन बसला आहे. ॲमेझॉन कंपनीनें २०१४ सालीं अमेरिकेंत 'एको' नांवाचा एक बोलका डबा विक्रीस काढिला. २०१७ मध्यें तो भारतांत आला, आणि २०१८ मध्यें त्याच्या मागोमाग गूगलचाही आला. हांक मारतांच तो उत्तर देतो, गाणीं लावतो, दिवे मालवतो, औषधाची वेळ सांगतो. त्याच्या जोडीला दारावरची डोळस घंटा, घरांतील कॅमेरे, आपले आपण खोल्या झाडणारीं यंत्रें असा परिवारही आला. आमच्या घरीं हा सर्व सरंजाम आणण्याचा आग्रह न्यू जर्सींत राहणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंनीं धरला. मातोश्रींचें वय ब्याऐंशी. आम्ही व आमची पत्नी दोघेंही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर. दोन वर्षांपूर्वीं मातोश्री न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या, आणि शेजारच्यांना कळेपर्यंत अर्धा तास तेथेंच पडून राहिल्या. तेव्हां त्यांच्या खोलींत एक बोलका डबा ठेवावा आणि फळीवर एक कॅमेरा बसवावा, म्हणजे आपणही तिकडून दिवसांतून चार वेळां आईला पाहूं शकूं, असें बंधूंचें म्हणणें. सातासमुद्रांपलीकडे बसून म्हाताऱ्या आईची काळजी करणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरचीं मुलें परदेशांत आहेत त्यांना कळेल. त्यांच्या आग्रहांत मायेवांचून दुसरें कांहीं नव्हतें, आणि म्हणूनच त्याचा विचार वरवर करून चालण्यासारखें नव्हतें.

हा डबा काम कसें करतो हें समजून घेतल्याशिवाय त्याला बरावाईट म्हणणें न्यायाचें नव्हे. त्यांतील मायक्रोफोन सदैव जागा असतो. परंतु तो जें ऐकतो तें सारेंच बाहेर पाठवितो ही समजूत खरी नाहीं. मागल्या कांहीं क्षणांचा आवाज धरावयाचा, त्यांत ठरीव हांक नसेल तर तो पुसावयाचा, असा त्याचा उद्योग अखंड चालतो. हांक ऐकूं आली असें त्यास वाटलें, म्हणजे मात्र दार उघडतें, आणि पुढचें बोलणें इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जातें. तेथें ध्वनीचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लागतो आणि हुकूम परत येतो. दिवा दुसऱ्या कंपनीचा असला तर तो हुकूम पुष्कळदां तिच्याही संगणकाला वळसा घालून येतो. दिवा आपल्या डोक्यावर चार हातांवर. पण तो मालविण्याची आज्ञा शेंकडों कोसांचा प्रवास करते, आणि वाटेंत जेथें थांबते तेथें, अमक्या घरीं अमक्या वेळीं दिवा मालवला, एवढी नोंद मागें ठेवूं शकते. एका नोंदीचें काय मोठें? परंतु वर्षभराच्या नोंदी एकत्र केल्या, तर घरचीं माणसें केव्हां निजतात, केव्हां गांवाला जातात, रात्रीं कोण वारंवार उठतो, हें सख्ख्या शेजाऱ्यालाही कळणार नाहीं इतक्या बारकाईनें कळूं शकतें.

शिवाय हांक ऐकूं आली असें यंत्राला 'वाटलें', या एका शब्दांतच सगळी मेख आहे. २०१८ सालीं अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं एका जोडप्याचें घरगुती संभाषण अशाच डब्यानें टिपलें आणि नवऱ्याच्या हाताखालील एका माणसास पाठवून दिलें. कंपनीनें खुलासा केला तो असा, कीं बोलण्यांतील एक शब्द यंत्राला हांकेसारखा वाटला, दुसरा निरोप पाठविण्याच्या आज्ञेसारखा वाटला, आणि पुढच्या बोलण्यांत त्यास नांव आणि होकारही ऐकूं आला. २०१९ च्या जुलै महिन्यांत बेल्जममधील व्हीआरटी या प्रसारण संस्थेच्या हातीं गूगलच्या यंत्रांनीं टिपलेले एक हजाराहून अधिक ध्वनिमुद्रित तुकडे आले. त्यांपैकीं १५३ तुकड्यांत हांक मारलेलीच नव्हती. त्यांत शयनगृहांतील बोलणें होतें, आईबापांचें मुलांशीं बोलणें होतें आणि कडाक्याचीं भांडणेंही होतीं. हे तुकडे बाहेर आले, कारण यंत्राला भाषा नीट शिकवितां यावी म्हणून ते ऐकून तपासण्याचें काम माणसांकडे दिलेलें होतें. त्याच वर्षीं ॲमेझॉनच्या आणि ॲपलच्या यंत्रांविषयींही अशीच हकीकत उघडकीस आली, आणि ॲपलनें त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

येथवरच्या गोष्टी अपघाताच्या म्हणून सोडून देतां येतील. परंतु २०२३ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या व्यापार आयोगानें ज्या दोन तक्रारी पुढें आणल्या त्यांना अपघात म्हणतां येणार नाहीं. पहिली अशी, कीं मुलांच्या आवाजाच्या नोंदी ॲमेझॉननें अनिश्चित काळ जपून ठेवल्या, आणि आईबापांनीं पुसण्यास सांगूनही त्या पुरत्या पुसल्या नाहींत. त्याबद्दल अडीच कोटी डॉलर दंड ठरला. दुसरी 'रिंग' या तिच्याच मालकीच्या कॅमेरा कंपनीविषयीं. तिच्या एका नोकरानें २०१७ सालीं, म्हणजे ती ॲमेझॉनकडे येण्यापूर्वीं, स्त्रियांच्या खासगी खोल्यांतील हजारों चित्रफिती महिनोन्महिने पाहिल्याचें आयोगानें नमूद केलें, आणि ५८ लाख डॉलरांवर तें प्रकरण मिटलें. पुढें २०२५ सालीं आणखी एक गोष्ट घडली. एकोच्या कांहीं नमुन्यांवर, आवाज बाहेर न पाठवितां डब्यांतच त्याचे शब्द करण्याची एक सोय होती. ती २८ मार्चपासून काढून घेण्यांत आली. डबा ग्राहकाच्या टेबलावर होता, पैसे ग्राहकानें दिले होते. पण त्यानें कसें वागावें हें ठरविणारा धनी दुसराच होता, हें त्या दिवशीं उघड झालें.

या गोष्टी आमच्या अध्यापक-कक्षांत निघाल्या तेव्हां एका विद्वान् स्नेह्यांनीं विचारलें, "आपणां मध्यमवर्गीयांच्या घरांत लपविण्यासारखें असतें तरी काय? भाजीचा भाव आणि मुलांचे गुण! ऐकेनात का बिचारे!" या युक्तिवादाला पुष्कळ माना डोलतात, म्हणून त्याचा परामर्श घेतला पाहिजे. लपविणें आणि झांकणें या दोन क्रिया भिन्न आहेत. चोर लपवितो, गृहस्थ झांकतो. आपण दार लोटून जेवतों तें चोरीचें अन्न खातों म्हणून नव्हे. मुलीच्या लग्नाची चिंता, भावाशीं झालेली तेढ, डॉक्टरांनीं दबक्या आवाजांत सांगितलेला रोग, महिनाअखेरची ओढाताण, यांत लज्जास्पद असें कांहीं नाहीं. तरी या गोष्टी कोणास सांगावयाच्या, केव्हां आणि किती, हें ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. तो हक्क गेला म्हणजे एखादें गुपित फुटतें एवढेंच नव्हे. मनुष्य स्वतःच्या घरांत पाहुण्यासारखा बोलूं लागतो.

कायद्याचा इतिहास पाहिला तर या हक्काची वाढ मोठी क्रमाक्रमानें झालेली दिसते. १६०४ सालीं इंग्लंडांतील एका प्रसिद्ध खटल्यांत न्यायालयानें सांगितलें, कीं प्रत्येकाचें घर हा त्याचा किल्ला होय, आणि राजाच्या अधिकाऱ्यानेंही आंत शिरण्यापूर्वीं दार ठोठावून आपलें काम सांगितलें पाहिजे. १८९० मध्यें वॉरन आणि ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत एकांताच्या हक्कावर आपला सुविख्यात लेख लिहिला. त्याला निमित्त झालें तें झटपट छायाचित्रें घेणाऱ्या नव्या कॅमेऱ्याचें आणि वृत्तपत्रांच्या चौकसपणाचें. आपल्याकडे १९६२ सालीं खडकसिंगाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. दरोड्याच्या आरोपांतून पुराव्याअभावीं सुटलेल्या या मनुष्याच्या घरीं पोलीस रात्रींबेरात्रीं जात, दार ठोठावून त्यास झोंपेंतून उठवीत. या रात्रींच्या फेऱ्या न्यायालयानें बेकायदा ठरविल्या. मात्र एकांताचा हक्क राज्यघटनेंत आहे असें म्हणण्यास बहुमत तयार झालें नाहीं. तें म्हणावयास आणखी पंचावन्न वर्षें लागलीं. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला, कीं खासगी आयुष्याचा हक्क हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. धन्याच्या घरची खासगी त्या दिवशीं रयतेची झाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु या सर्व निर्णयांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. परका मनुष्य दाराबाहेर आहे आणि तो घरधन्याच्या इच्छेविरुद्ध आंत येऊं पाहतो, असें त्यांतील बहुतेकांचें चित्र आहे. आजचा तिऱ्हाईत दार ठोठावीत नाहीं. तो आमंत्रण घेऊन येतो. सणाच्या सवलतींत, रंगीत वेष्टनांत, भाच्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून येतो. आणि न वाचलेल्या कराराखालीं 'मान्य आहे' या शब्दांवर बोट टेकवून आपणच त्याला माजघरांत नेऊन बसवितों. जुन्या घरांतही गडीमाणसें असत आणि त्यांच्या कानांवर पुष्कळ कांहीं पडे. परंतु तो गडी ज्याचें मीठ खाई त्याच्याशीं इमान राखी, निदान राखावें अशी रीत होती. आणि न राखल्यास त्याला रजा देतां येई. येथें गडी आपल्या घरांत राबतो, वीज आपली खातो, पण इमान मात्र दुसऱ्या धन्याशीं राखतो. तेव्हां यंत्र हुशार आहे कीं नाहीं यापेक्षां तें कोणाचें चाकर आहे, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे.

या प्रश्नाचें एक समाधानकारक उत्तर आम्हांस आमच्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राच्या एका अध्यापकांच्या घरीं पाहावयास मिळालें. त्यांच्या घरींही दिवे हुकमानें लागतात आणि पाण्याची टाकी भरली म्हणजे पंप आपोआप बंद होतो. पण या सर्वांचें डोकें त्यांच्याच पुस्तकांच्या कपाटावर आहे. २०१२ सालीं इंग्लंडांत मुलांना संगणकविद्या शिकवितां यावी म्हणून 'रास्पबेरी पाय' नांवाचा एक स्वस्त, पत्त्याच्या पानाएवढा संगणक निघाला; तो त्यांनीं घेतला आहे. त्यावर 'होम असिस्टंट' नांवाची प्रणाली चालते. २०१३ सालीं मूळच्या नेदरलंड्समधील पॉलस स्काउटसन यांनीं ती सुरू केली, आणि जगभरच्या हजारों स्वयंसेवकांनीं वाढविली. तिची घडण कोणासही उघडून वाचतां येते. २०२४ मध्यें ती स्वित्झर्लंडमधील एका विनानफा प्रतिष्ठानाच्या स्वाधीन करण्यांत आली, ती अशासाठीं, कीं उद्यां कोणी धनवान् कंपनीनें ती विकत घेऊन आपल्या दावणीला बांधूं नये. दारें, दिवे आणि पंप या संगणकाशीं 'झिगबी' नांवाच्या अल्पशक्तीच्या बिनतारी पद्धतीनें बोलतात. त्या बोलण्यास इंटरनेट लागतच नाहीं. आमच्यासमोर त्यांनीं इंटरनेटची तार काढून ठेविली, आणि तरीही दिवा लागला! त्या दिव्याकडे पाहून आम्हांस जें समाधान वाटलें तें कोणत्याही बोलक्या डब्यानें दिलें नसतें.

मात्र या मार्गाचे गुण गातांना त्याचे कष्ट झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अध्यापक महाशयांचे चार रविवार या उभारणींत गेले, आणि अजूनही अधूनमधून एखादा जातो. घरच्या घरीं बोलणें समजून घेण्याचीं साधनें निघालीं आहेत. २०२२ सालीं खुली झालेली 'व्हिस्पर' ही प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालवितां येते, आणि तिच्या भाषांच्या यादींत मराठीही आहे. पण इंग्रजीइतकी मराठीची समज तिला पक्की नाहीं, आणि लहानशा संगणकावर ती सावकाश चालते. शिवाय स्वतंत्र म्हणून निघालेलें सारेंच टिकतें असें नाहीं. फ्रान्समधील 'स्निप्स' नांवाची कंपनी, आवाज घराबाहेर जाऊं न देणारें यंत्र हेंच आपलें ब्रीद म्हणून सांगत असे. २०१९ मध्यें ती दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली, आणि तिच्या साधनांवर विसंबलेले हौशी लोक तोंडघशीं पडले. परंतु मोठ्यांच्या छायेंत बसणारांनाही टिकाऊपणाची हमी आहे असें कोणीं समजूं नये. 'रेव्हॉल्व्ह' नांवाचें घर चालविणारें यंत्र गूगलच्या कुटुंबांतील एका कंपनीनें २०१४ सालीं विकत घेतलें, आणि २०१६ च्या मे महिन्यांत त्याचा दूरचा संगणक बंद केला. तीनशें डॉलर देऊन घेतलेले डबे घरोघरीं निर्जीव होऊन पडले. ज्याची घडण खुली आहे, तें एकानें टाकलें तरी दुसरा उचलूं शकतो. ज्याचा प्राण दुसऱ्याच्या मुठींत, त्याला कोण उचलणार?

येथपर्यंत विचार आला तेव्हां आम्हीं बंधूंना कळविलें, कीं तुमचा कॅमेरा बसवूं, पण त्याचीं चित्रें कोणत्याही कंपनीकडे न जातां घरच्याच संगणकावर राहतील अशी व्यवस्था करूं. आतां प्रश्न सुटला असें आम्हां दोघांही भावांना वाटूं लागलें होतें. परंतु जिच्या खोलींत तो डोळा बसावयाचा होता तिला विचारणें बाकी होतें. मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या :

"तुम्ही दोघं माझी काळजी करतां, मला कळतं रे. पण लग्न होऊन वाईच्या त्या वाड्यांत आलें, तेव्हांपासून चाळीस वर्षं डोक्यावरचा पदर सावरण्यांत गेलीं. मामंजींचा खोकला ऐकला कीं पदर, दिरांची चाहूल लागली कीं पदर, ओसरीवर पाहुणा आला कीं पदर. आतां कुठं एक खोली माझी झाली आहे. तिथं मी केस मोकळे सोडून बसतें, मनाशीं बोलतें, कधीं रडतें देखील. त्या फळीवरच्या डोळ्यासमोर मला पुन्हां पदर घ्यावा लागेल. तो डोळा माझ्या लेकाचाच असला म्हणून काय झालं?"

या उत्तरानें वादाची दिशाच बदलली. कंपनी आणि घर यांच्यामधील भांडण आम्हांस दिसत होतें; घर आणि घरांतील माणूस यांच्यामधील उंबरा दिसत नव्हता. वाड्याचें माजघर परक्यापासून सुरक्षित होतें खरें, पण त्या माजघरांत सुनेला कोपरा कोठें होता? यंत्राची स्मृति घरांत ठेविली म्हणजे तिऱ्हाईत गेला. परंतु तिऱ्हाइताच्या जागीं घरचा कर्ता पुरुष बसला, तर पाहिलें जाणाऱ्याचें ओझें हलकें होतें असें नाहीं. कायदाही येथें मदतीला येत नाहीं. २०२३ च्या आपल्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यानें, एखाद्या व्यक्तीनें स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठीं केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेविला आहे. सरकारनें प्रत्येकाच्या घरांत डोकावूं नये म्हणून तें योग्यही असेल. पण त्याचा अर्थ असा, कीं घरांतल्या घरांत न्याय करण्याची जबाबदारी घरच्यांवरच येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई शेजारच्या इमारतींतील एका घरींही जातात. तेथें स्वयंपाकघरांत कॅमेरा आहे. "त्या घरीं मी गुणगुणत नाहीं," असें त्या एकदां आमच्या पत्नीस सहज बोलून गेल्या. त्यांनीं कसलीही तक्रार केली नव्हती. पण एका कष्टकरी बाईचें गाणें बंद करून त्या घरानें कोणती सुरक्षितता मिळविली, याचा हिशेब कोणीं तरी केला पाहिजे.

शेवटीं आमच्या घरीं जें ठरलें तें अगदीं साधें आहे. मातोश्रींच्या खोलीच्या आणि न्हाणीघराच्या दारांवर एकेक लहानशी पट्टी बसविली आहे. तीत लोहचुंबकाच्या योगानें दार उघडें कीं मिटलेलें एवढेंच कळतें. सकाळीं सातपर्यंत खोलीचें दार उघडलें नाहीं, किंवा न्हाणीघराचें दार चाळीस मिनिटें मिटलेलें राहिलें, तर आमच्या खोलींत घंटा वाजते. आम्ही बाहेर असलों तर आम्हांस, शेजाऱ्यांस आणि बंधूंस एक ओळीचा निरोप जातो. त्या ओळीपलीकडे घरांतून कांहीं बाहेर जात नाहीं, आणि दोन दिवसांपूर्वींची नोंद आपोआप पुसली जाते. खाटेशीं हांक मारण्याचें एक बटण आहे. आणि ही सर्व व्यवस्था बंद कशी करावयाची हें मातोश्रींना शिकवून ठेविलें आहे. एका दुपारीं निरोप आला, शेजारीण धांवत गेली, तों मातोश्री आंत बसून गोधडी भिजवीत होत्या! तें हंसण्यावारीं गेलें. परंतु या व्यवस्थेंत धोका उरतो हें आम्ही जाणतों. खोलीच्या मधोमध त्या पडल्या आणि बटणापर्यंत हात पोंचला नाहीं, तर दारावरची पट्टी कांहीं सांगणार नाहीं. कॅमेऱ्यानें कदाचित् सांगितलें असतें. बंधूंचा जीव त्यामुळें अजूनही टांगणीला असतो, आणि आमचाही असतो. पण तो धोका मातोश्रींनीं समजून उमजून पत्करला आहे. ब्याऐंशीव्या वर्षीं मनुष्याला स्वतःच्या जिवाविषयीं एवढा निर्णय करण्याचा अधिकार नसेल, तर आपण त्याचा जीव सांभाळतों असें म्हणावें कीं त्याची मालमत्ता सांभाळतों असें म्हणावें?

यावरून आम्हीं आमच्यापुरती एक कसोटी ठरविली आहे. नवें यंत्र घरांत येतांना तें काय काय करूं शकतें हें विक्रेता आपण होऊन सांगतोच. आपण त्याला इतर गोष्टी विचाराव्या. तें कोणाला जबाबदार आहे? इंटरनेट तोडलें तर तें चालतें काय? त्याला जें कळतें तें कामापुरतेंच आहे काय, कीं दार मिटलें आहे एवढें जाणण्यासाठीं तें दारामागचें सगळेंच पाहतें? आणि ज्याच्यावर तें नजर ठेवणार, त्याला आपण विचारलें आहे काय? हा शेवटचा प्रश्न विकत घेणाऱ्यानें स्वतःलाच विचारावयाचा आहे, आणि अनुभवावरून सांगतों, तोच सर्वांत अवघड आहे.

कोणी म्हणेल, इतका विचार एका डब्यासाठीं कशाला? आमचें उत्तर असें, कीं घर ही जगांतील एकच जागा आहे जेथें मनुष्याचें बोलणें विसरलें जातें. रागाच्या भरांत बाप मुलाला नाहीं नाहीं तें बोलतो, नवराबायको एकमेकांचीं माहेरें उद्धरतात, म्हातारीं माणसें त्याच त्या तक्रारी करतात, मुलगा उद्यां स्वतःलाच हास्यास्पद वाटतील अशीं मतें आज ठांसून मांडतो. आणि सकाळीं चहाबरोबर त्यांतलें बहुतेक वाहून जातें. ही विस्मृति म्हणजे घराची अव्यवस्था नव्हे. तिच्यामुळेंच चुकीचें बोललेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं नवा होऊन बोलूं शकतो, आणि तिच्यामुळेंच एका छपराखालीं चार पिढ्या नांदूं शकतात. माणसाचे कान ऐकतात तितकेंच विसरतात, हा त्यांचा दोष आजवर आपण मानीत आलों. यंत्राचे कान तसे नाहींत. त्यांना विसरावयास कोणी तरी शिकवावें लागतें. तें शिकविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं राहील त्याचेंच तें घर, मग खरेदीखतावर नांव कोणाचेंही असो.